शालेय बिंगोचा संच प्राथमिक वर्गात : एक परीक्षण

प्राथमिक वर्गांसाठी ‘शालेय बिंगो’ अशा नावाने विकले जाणारे संच आता मुंबईतील शैक्षणिक साहित्याच्या दुकानांत सहज मिळतात. महात्मा जोतिबा फुले मंडईपासून जवळच असलेल्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर, जेथे शाळा-महाविद्यालयांचे स्टेशनरीचे घाऊक सामान मिळते, तेथे यांचे दोन-तीन प्रकार पाहायला मिळतात. दादरच्या दुकानांतही एखादा प्रकार असतोच. मी ज्या संचाविषयी लिहीत आहे, त्याची किंमत सुमारे साडेतीनशे रुपये आहे. उत्पादकाचे नाव मी देत नाही, कारण जवळपास हाच मजकूर आणि हीच चित्रे वेगवेगळ्या वेष्टनांत मिळतात आणि त्यांचे गुणदोषही बव्हंशी सारखेच आहेत. परळ भागातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी प्राथमिक वर्गांना शिकवते, आणि हा संच मी तिसरीच्या व पाचवीच्या मुलांबरोबर पुरेसा काळ वापरला आहे.

खोक्यात पुठ्ठ्याची ४० कार्डे, ४० चिठ्ठ्या, प्लॅस्टिकच्या चकत्यांची एक पिशवी आणि एक पानी नियमपत्रक एवढे साहित्य मिळते. प्रत्येक कार्डावर चार आडव्या आणि चार उभ्या ओळींत मिळून १६ घरे आहेत, आणि प्रत्येक घरात शाळेशी संबंधित एका वस्तूचे, जागेचे किंवा व्यक्तीचे रंगीत चित्र असून त्याखाली तो शब्द छापलेला आहे. शिक्षकाने चिठ्ठी काढायची, शब्द पुकारायचा, ज्याच्या कार्डावर तो असेल त्याने त्यावर चकती ठेवायची आणि एक ओळ पूर्ण होताच ‘बिंगो’ म्हणून हात वर करायचा, एवढाच खेळ. माझे मत आधीच सांगते : पहिली ते तिसरीच्या वर्गांसाठी हा संच घेण्याजोगा आहे, चौथीपासून पुढे त्यावर पैसे खर्च करण्याची गरज नाही, आणि कोणत्याही वर्गात तो नियमपत्रकात सांगितल्याप्रमाणे खेळवू नये.

खेळाचे नियम मुंबईतील मुलांना समजावून सांगण्यात वेळ जात नाही, ही या संचाची मोठी जमेची बाजू आहे. गणेशोत्सवातील मंडळाचे कार्यक्रम असोत, चाळीतील किंवा सोसायटीतील ३१ डिसेंबरची रात्र असो, नाही तर नातेवाइकांची सहल असो, हाउझी किंवा तंबोला कोठे ना कोठे प्रत्येक मुलाने पाहिलेला असतो. त्या तंबोल्याच्या तिकिटावर तीन ओळी आणि नऊ रकाने असतात, एका तिकिटावर १५ अंक असतात आणि पुकारा १ ते ९० या अंकांचा होतो. अमेरिकेत रूढ झालेल्या बिंगोत पाच गुणिले पाच घरांचे कार्ड, १ ते ७५ अंक आणि मधले घर मोकळे अशी मांडणी असते. वर्गासाठीच्या संचात अंकांच्या जागी शब्द येतात आणि घरे कमी केलेली असतात. बाकी गाभा तोच राहतो. मुले ‘बिंगो’ऐवजी ‘फुल हाउस’ असेच ओरडतात, आणि मी त्यांना अडवत नाही. मात्र घरच्या तंबोल्यात तिकिटाचे पैसे आणि बक्षिसाची रक्कम असते, तो भाग वर्गात कणभरही येऊ देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. बक्षीस द्यायचेच असेल तर दुसऱ्या दिवशी परिपाठात सुविचार सांगण्याचा किंवा पुढच्या डावात चिठ्ठ्या काढण्याचा मान द्यावा. चिठ्ठी काढण्याचा मान मुलांना पेन्सिलीपेक्षाही अधिक हवासा वाटतो.

या संचाचा पहिला गंभीर दोष कार्डांचा आहे. खोक्यावर ४० कार्डे असे लिहिलेले आहे आणि मोजल्यास ती ४० भरतात, परंतु त्यांपैकी एकमेकांहून वेगळी अशी २० च आहेत. उरलेली २० म्हणजे त्यांच्याच प्रती. ४० शब्दांतून १६ शब्द निवडण्याचे मार्ग सहा हजार दोनशे पंच्याऐंशी कोटींहून अधिक आहेत, तेव्हा छपाईचा थोडासा खर्च वाचवण्यापलीकडे या पुनरावृत्तीचे कोणतेही कारण मला दिसत नाही. याचा परिणाम वर्गात लगेच कळतो. ३८–४० मुलांच्या वर्गात जिंकणारा हात कधीच एकटा वर येत नाही, त्याचे जुळे कार्ड असलेला दुसरा हात त्याच क्षणी वर येतो, आणि मग कोण आधी ओरडले यावर वाद सुरू होतो. लहान मुलांना न्यायाची चाड फार असते, आणि हा वाद मिटवण्यात गेलेली पाच मिनिटे खेळाचा सगळा रंग घालवतात.

यावर उपाय सापडला तो असा की, जुळी कार्डे एकाच बाकावर शेजारी बसणाऱ्या दोघांना द्यावीत आणि त्या दोघांना एक संघ मानावे. दोघांची कार्डे सारखीच असल्यामुळे एकाने चकती ठेवली की दुसरा पडताळतो, आणि वाचनात मागे असलेले मूल शेजाऱ्याच्या बोटामागून शब्दापर्यंत पोहोचते. आमच्या वर्गांत घरी हिंदी, भोजपुरी, गुजराती किंवा तेलुगू बोलणारी मुलेही आहेत. कष्टकऱ्यांच्या या भागात मराठी शाळांचे वर्ग असेच असतात. अशा मुलांना ‘हजेरीपट’ किंवा ‘तासिका’ हे शब्द कानांनी परिचित असतात, पण डोळ्यांनी ओळखू येत नाहीत, आणि जोडीने खेळताना ही दरी भरून निघते. संचाच्या उत्पादकाने हे ठरवून केले असते तर मी त्याचे कौतुक केले असते; नियमपत्रकात मात्र जोड्यांचा उल्लेखही नाही आणि जुळी कार्डे वेगवेगळ्या मुलांना वाटावीत असेच त्यातून सूचित होते.

दुसरा प्रश्न वेळेचा आहे, आणि तो शिक्षकांनी खेळ सुरू करण्याआधी हिशेब करून सोडवावा असे मला वाटते. ४० शब्द आणि १६ घरांची कार्डे असतील, तर चाळीसेक कार्डांच्या वर्गात पहिली सरळ वा तिरकी ओळ साधारणपणे दहाव्या ते बाराव्या पुकाऱ्याच्या सुमारास पूर्ण होते, चार कोपरे सतराव्या ते विसाव्या पुकाऱ्यापर्यंत लागतात, आणि पूर्ण कार्ड भरण्यासाठी चौतिसाव्या पुकाऱ्याच्या आसपास थांबावे लागते. नशिबाचा खेळ असल्यामुळे यात दोन-चार पुकाऱ्यांचा फरक पडणारच, पण अंदाज बांधण्यासाठी हे आकडे पुरेसे आहेत. शब्द पुकारणे, मुलांनी शोधणे, चकती ठेवणे आणि वर्ग पुन्हा शांत होणे याला पाऊण मिनिट धरले, तर पूर्ण कार्डाचा डाव पंचवीस मिनिटांहून थोडा अधिक चालतो आणि ३५ मिनिटांची तासिका त्यातच संपते. नियमपत्रक फक्त ‘एक ओळ म्हणजे बिंगो’ असे सांगते; त्याप्रमाणे खेळल्यास डाव आठ-नऊ मिनिटांत आटोपतो आणि संचातील तीन-चतुर्थांश शब्द पुकारलेच जात नाहीत. म्हणून मी एकाच डावात क्रमाने तीन टप्पे ठेवते : पहिली ओळ, मग चार कोपरे, मग पूर्ण कार्ड. तंबोल्याच्या सवयीमुळे मुलांना हे टप्पे आपलेसे वाटतात, आणि पहिली ओळ हुकलेले मूलही शेवटपर्यंत कान टवकारून बसते.

आता शब्दांविषयी, कारण या संचाचे खरे मोल किंवा खरे नुकसान शब्दांत आहे. फळा, खडू, डस्टर, दप्तर, डबा, घंटा, बाक, वही, खोडरबर, कंपासपेटी, मुख्याध्यापक, शिपाईकाका, ग्रंथालय, प्रयोगशाळा, मैदान हे शब्द आहेत आणि त्यांची चित्रेही चांगली आहेत. घंटेचे चित्र तर विशेष चांगले आहे. ती विजेची घंटा नसून दोरीने बांधलेला पितळी टोल आणि शेजारी लाकडी हातोडा असे ते आहे, आणि आमच्या शाळेत आजही तसाच टोल असल्यामुळे मुलांनी ते चित्र चटकन ओळखले. परंतु याच चाळीस शब्दांत ‘लॉकर’, ‘कॅफेटेरिया’, ‘पिवळी स्कूल बस’ आणि ‘पदवीदान टोपी’ हेही आहेत, आणि ते कोणत्या तरी परदेशी संचातून जसेच्या तसे उचलले आहेत हे उघड आहे. आमची बहुतेक मुले पायी येतात, काही बेस्टच्या बसने येतात, काही वडिलांच्या सायकलवर येतात. लॉकर त्यांनी चित्रपटातच पाहिला असेल तर असेल. जे मुलाच्या दिवसात नाही ते त्याच्या कार्डावर आले तर तो शब्द केवळ रंगीत ठिपका होतो.

त्याउलट जे हवे ते नाही. परिपाठ नाही, मधली सुट्टी नाही, शालेय पोषण आहाराची खिचडी नाही, प्रगतिपुस्तक नाही, लंगडी नाही, खो-खो नाही, स्नेहसंमेलन नाही. मराठी शाळेचा संच तयार करणाऱ्याने एक दिवस शाळेच्या व्हरांड्यात उभे राहून मुलांच्या तोंडचे शब्द ऐकले असते, तर ही यादी आपोआप तयार झाली असती. मी संचातील अनोळखी शब्दांवर पांढऱ्या कागदाच्या चिकटपट्ट्या लावून त्यांवर मुलांकडूनच नवे शब्द लिहून व चित्रे काढून घेतली. चिठ्ठ्याही त्याप्रमाणे बदलल्या. मधल्या सुट्टीच्या घरात एका मुलीने दोन डबे आणि त्यांच्यामधून जाणारी एक पोळी काढली आहे, आणि संचातील कोणत्याही छापील चित्रापेक्षा ते चित्र वर्गाला अधिक आवडते.

शुद्धलेखनाचा दोष मला सर्वांत जास्त खटकला. ‘वही’ हा शब्द ‘वहि’ असा छापलेला आहे, ‘गृहपाठ’ हा ‘ग्रुहपाठ’ झाला आहे, आणि ‘विद्यार्थी’ एका कार्डावर बरोबर तर दुसऱ्यावर ऱ्हस्व आहे. मराठीत शब्दाच्या शेवटी येणारा इकार आणि उकार दीर्घ लिहायचा, हा नियम आम्ही दुसरी-तिसरीपासून मुलांच्या हातांत बसवण्याचा प्रयत्न करतो; तोच नियम मोडणारा शब्द रंगीत चित्रासह मुलाच्या समोर पंचवीस मिनिटे पडून राहिला, तर फळ्यावरचे शिक्षण पुसून जाते. चित्रासोबत पाहिलेला शब्द मनात खोल रुजतो, म्हणूनच तर असे संच करायचे. मग छपाईपूर्वी एखाद्या जाणकार मुद्रितशोधकाकडून हे चाळीस शब्द तपासून घेण्याइतकी काळजी उत्पादकाने घ्यायलाच हवी होती. खरेदी करणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे की, दुकानातच खोके उघडून सर्व कार्डे वाचावीत आणि चुका असतील तर दुकानदाराला तेथेच दाखवाव्यात, कारण घाऊक दुकानदाराचा शब्द उत्पादकापर्यंत आपल्या पत्रापेक्षा लवकर पोहोचतो.

एवढे दोष असूनही मी हा संच वापरते, त्याचे कारण पुकारण्याची पद्धत बदलली की हा खेळ अगदी वेगळा होतो. नियमपत्रकाप्रमाणे शब्दच पुकारला, तर पहिलीच्या मुलाला ऐकलेला शब्द छापील अक्षरांत ओळखण्याचा सराव मिळतो आणि त्या वयासाठी ते पुरेसे आहे. तिसरीत मात्र शब्द न उच्चारता त्याचे वर्णन किंवा कोडे सांगावे. “माझ्यावर शून्यापासून एकशे ऐंशीपर्यंत अंश लिहिलेले आहेत” म्हटले की मुलाला कोनमापकापर्यंत पोहोचावे लागते. “माझ्या एका पायाला सुई आणि दुसऱ्या पायात पेन्सिल आहे” म्हटले की करकटक. “तुम्ही वर्गात आहात, पण माझ्यात तुमच्या नावापुढे खूण नसेल तर तुम्ही आला नाहीत असेच सगळे म्हणतील” हे हजेरीपटाचे कोडे पाचवीच्या मुलांना फार आवडले. “सावधान उभे राहून मला म्हणायला सुमारे ५२ सेकंद लागतात” हे राष्ट्रगीताचे कोडे टाकण्यासाठी मी एक चिठ्ठी आणि काही कार्डांवर एक घर नव्याने तयार केले, आणि त्या निमित्ताने घड्याळ लावून वेळ मोजण्याचा उपक्रमही झाला.

कोड्यांच्या पद्धतीत एक अडचण हमखास येते. हुशार मुलाला उत्तर सुचले की ते त्याच्या तोंडातून बाहेर पडते, आणि मग उरलेल्या वर्गासाठी ते कोडे राहत नाही. यासाठी नियम असा ठेवावा की उत्तर तोंडाने सांगायचे नाही, फक्त चकती ठेवायची. उत्तर मोठ्याने सांगितले गेल्यास ती चिठ्ठी पुन्हा डब्यात जाईल. दोन-तीन वेळा चिठ्ठी परत गेली की बाकीची मुलेच त्या मुलाला आवरतात. ज्याच्या कार्डावर तो शब्द नाही त्याने काय करायचे, हाही प्रश्न असतो, कारण चाळीस शब्दांपैकी सोळाच त्याच्यापाशी असल्यामुळे बहुतेक पुकाऱ्यांना तो रिकामाच बसतो. मी अशा मुलांना उत्तर वहीत लिहायला सांगते. त्यामुळे डाव संपल्यावर प्रत्येकाच्या वहीत वीसेक शब्दांची स्वतः लिहिलेली यादी तयार असते, आणि फळ्यावरच्या यादीशी ती ताडून पाहताना शुद्धलेखनाचा तास वेगळा घ्यावा लागत नाही.

फळ्यावरची यादी हा शब्द मी मुद्दाम वापरला, कारण संचात पुकारलेले शब्द मांडून ठेवण्यासाठी काहीच दिलेले नाही. तंबोल्याच्या प्रत्येक संचात नव्वद घरांची पाटी असते, आणि निघालेला अंक त्यावर ठेवला की शंका उरत नाही. येथे ती उणीव ठळकपणे जाणवते. ‘बिंगो’ म्हणणाऱ्या जोडीने उभे राहून आपली चार घरे मोठ्याने वाचावीत आणि प्रत्येक शब्दाचे एक वाक्य करावे, त्या वेळी फळ्यावरील यादीत तो शब्द आहे की नाही हे वर्गाने पाहावे, असा क्रम ठेवला तर पडताळणीच सर्वांत शिकवणारा भाग ठरतो. ऐकू कमी येणाऱ्या मुलासाठीही फळ्यावर शब्द लिहिणे आवश्यक आहे. कोडे पुकारून झाल्यावर थोडा वेळ देऊन मगच शब्द लिहावा, म्हणजे विचार करण्याची संधी सर्वांना मिळते.

साहित्याच्या टिकाऊपणाविषयी थोडक्यात सांगते. कार्डांना वरून चमकदार थर आहे, पण तो एकाच बाजूला असल्यामुळे जुलैच्या दमट हवेत पुठ्ठा मागच्या बाजूने ओलावा धरतो आणि कार्ड पापडासारखे वाकते. वाकलेल्या कार्डावर चकती टिकत नाही. चकत्या फार हलक्या आहेत, आणि वर्गातील पंखा चालू असताना त्या सरकतात, पंखा बंद करावा तर उकाड्यात बसवत नाही. त्याऐवजी चिंचोके वापरावेत. ते जड असतात, घरून आणता येतात, हरवले तरी दुःख होत नाही, आणि खेळ संपल्यावर दहा-दहाचे गट करून मोजताही येतात. चिठ्ठ्या पातळ कागदाच्या आहेत, त्या जाड कागदावर चिकटवून कापून घ्याव्यात. खोके मात्र मजबूत आहे आणि कपाटात नीट राहते.

कार्डांची मागची बाजू कोरी आहे, आणि तिचा उपयोग मी संख्यावाचनासाठी केला. शालेय विषयाच्या संचाशी याचा थेट संबंध नाही, पण ज्यांनी संच घेतला आहे त्यांना ही सोय कळावी म्हणून सांगते. घरच्या हाउझीत अंक बहुधा इंग्रजीत पुकारले जातात, त्यामुळे मराठी माध्यमातील मुलेही एकोणसाठ ऐकून ६९ वर चकती ठेवतात आणि चौऱ्याहत्तर ऐकून ४७ शोधतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे संख्यावाचन आले तेव्हा राज्यभर वाद झाला होता. त्या वादात कोणतीही बाजू घेतली, तरी एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणसाठ या संख्या कानांवर वारंवार पडल्याशिवाय पक्क्या होत नाहीत, हे वर्गात शिकवणाऱ्या कोणालाही मान्य व्हावे. कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने सोळा संख्या लिहायच्या, त्या मराठीतच पुकारायच्या आणि पुढच्या वेळी खोडून नव्या लिहायच्या. या खेळात एकोणऐंशी ऐकताच सत्तरी धुंडाळण्याची सवय मुलांना लवकर लागते.

नियमपत्रकाच्या शेवटी ‘मित्र शोधा’ नावाचा एक छोटा खेळ दिलेला आहे, आणि संचातील सर्वांत चांगली कल्पना हीच आहे, असे मी मानते. त्यात घरांत वस्तूंऐवजी वर्णने असतात आणि प्रत्येक मुलाने वर्गात फिरून त्या वर्णनाला जुळणारा सोबती शोधून त्याची सही घ्यायची असते. उत्पादकाने यासाठी एकच नमुना छापला आहे आणि त्यातील वर्णने ‘निळा रंग आवडणारा’ अशी सरधोपट आहेत. मी जूनच्या मध्यावर शाळा उघडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात हा खेळ घेते आणि वर्णने आमच्या भागातली ठेवते : लोकलने शाळेत येणारा, आजीजवळ झोपणारी, दोनपेक्षा जास्त भाषा बोलणारा, ज्याचे आजोबा गिरणीत काम करत होते असा, सुट्टीत कोकणात जाऊन आलेली, जिच्या घरी म्हशी किंवा कोंबड्या आहेत अशी, समुद्रात पाय बुडवलेला. गिरणीच्या घरापाशी मुले थबकतात, घरी जाऊन विचारतात आणि दुसऱ्या दिवशी सही घेऊन येतात. म्हणून हा डाव एका तासिकेत संपवण्याचा आग्रह धरू नये, दोन दिवस चालू द्यावा. एका मुलाकडून एकच सही घेता येईल हा नियम मात्र काटेकोर पाळावा, नाही तर सगळे सह्या घेण्यासाठी आपल्या नेहमीच्या मित्राकडेच जातात आणि नव्याने प्रवेश घेतलेले मूल भिंतीशी उभे राहते.

नशिबाचा भाग या खेळात मोठा आहे, आणि काही सहशिक्षक त्यावर आक्षेप घेतात. ज्याने काही शिकले नाही तोही जिंकतो, असे त्यांचे म्हणणे असते. मला हाच गुण महत्त्वाचा वाटतो. वर्गातील बाकी सगळ्या स्पर्धांत, मग त्या वक्तृत्वाच्या असोत, हस्ताक्षराच्या असोत की पाढ्यांच्या, तीच चार-पाच मुले पुढे येतात आणि उरलेल्यांना टाळ्या वाजवण्याचे काम उरते. येथे अडखळत वाचणाऱ्या मुलाची ओळ आधी भरू शकते, पण बक्षीस घेण्यासाठी त्याला उभे राहून चार शब्द वाचावे लागतात आणि चार वाक्ये करावी लागतात. जिंकल्याच्या आनंदात तो ते करतो, आणि एरवी त्याच्याकडून एक वाक्य ऐकण्यासाठी मला आठवडाभर वाट पाहावी लागली असती.

चौथी-पाचवीसाठी संच घेऊ नये असे मी वर म्हटले, त्याचे कारण या वयाच्या मुलांकडून कार्डे तयार करून घेणे हे विकतच्या कार्डांपेक्षा कितीतरी पटींनी उपयुक्त आहे. फळ्यावर ४० शब्द लिहावेत. त्यांत शाळेबरोबर परिसर अभ्यासातील किंवा चालू पाठातील शब्दही घालावेत. मुलांनी वहीच्या पानावर पट्टीने चार गुणिले चार घरे आखावीत आणि स्वतःच्या आवडीचे सोळा शब्द त्यांत कोठेही लिहावेत. घरे आखताना मोजमाप आणि समांतर रेषा येतात, शब्द उतरवताना शुद्धलेखन येते, आणि प्रत्येक कार्ड वेगळे होते, त्यामुळे जुळ्या कार्डांचा वाद जन्मालाच येत नाही. यासाठी एक पैसाही लागत नाही. फक्त शब्द निवडण्यासाठी आणि लिहिण्यासाठी दहा मिनिटे राखून ठेवावी लागतात, आणि म्हणूनच पहिली-दुसरीत हे शक्य होत नाही. तेथे सोळा शब्द लिहिण्यातच तासिका संपते आणि चित्रांच्या आधाराची गरजही खरी असते. विकतच्या संचाची जागा तेथे आहे.

जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळांत जेथे साहित्यासाठी अनुदान मर्यादित असते, तेथे एका शाळेने एकच संच घेऊन तो पहिली ते तिसरीच्या वर्गांत फिरवावा. एकच तुकडी आणि अठरा-वीस मुले असतील, तर वीस वेगळी कार्डे पुरेशी आहेत आणि जुळी कार्डे राखीव म्हणून ठेवता येतात. उत्पादकाला सुधारित आवृत्ती काढायची असेल, तर माझ्या मते तीन गोष्टी पुरेत : चाळीसही कार्डे वेगळी छापावीत, शब्द मराठी शाळेतल्या शिक्षकाकडून तपासून घ्यावेत, आणि दहा कोऱ्या चिठ्ठ्या व तेवढ्याच कोऱ्या चिकटपट्ट्या खोक्यात घालाव्यात, म्हणजे गडचिरोलीच्या शिक्षकाला मोहाचे झाड, रत्नागिरीच्या शिक्षकाला होडी आणि आम्हाला लोकल आपापल्या कार्डांवर लावता येईल. यासाठी पन्नास रुपये अधिक मोजायला मी आनंदाने तयार आहे.